मारुती ८००चा लोकल वायपर लिंकेज सेट: घ्यावा का, आणि कुणी घेऊ नये

साताऱ्यात सुट्या भागांच्या दुकानात मारुती ८००चं वायपर लिंकेज, म्हणजे मोटरची फिरकी दोन्ही वायपरपर्यंत पोचवणारी रॉडची जोडणी, मागितलं, की बहुधा दोन गोष्टी समोर येतात. एक कंपनीच्या खोक्यातली, महाग आणि बऱ्याचदा मागवून घ्यावी लागणारी. दुसरी प्लॅस्टिकच्या पिशवीतली, नावगाव नसलेली, हातोहात मिळणारी. हे परीक्षण त्या दुसरीचं आहे. निकाल आधीच सांगून टाकू: स्पिंडल (वायपरचा दांडा, म्हणजे आर्म, ज्यावर बसतो तो फिरता दंड) जाम झालंय किंवा रॉड वारंवार निसटतोय अशा गाडीला हा सेट चालतो, पण पिशवीतून काढून तसाच बसवला तर नाही. आणि दोष लिंकेजमध्ये नसेल, तर हे पैसे पावसात गेले.

पिशवीत दोन स्पिंडल त्यांच्या ओतीव बैठकीसकट असतात. मोटरच्या क्रँकपासून (मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या फिरत्या पट्टीपासून) जवळच्या स्पिंडलपर्यंतचा एक रॉड, आणि दोन्ही स्पिंडल जोडणारा दुसरा. रॉडच्या टोकांना नायलॉनचे सॉकेट, स्पिंडलच्या आडव्या लिव्हरवर लोखंडी बॉल. मोटर, क्रँक, आर्म, ब्लेड यातलं काहीही नसतं. १९८३ ते ८६ मधली पहिल्या, नंतरच्यांपेक्षा वेगळ्या बॉडीची गाडी असेल तर तोंडी चौकशीवर हा सेट घेऊच नये.

खरं तर कुणीच तोंडी घेऊ नये. जुनं लिंकेज काढून सोबत न्यावं आणि काउंटरवरच नवं त्याच्या शेजारी ठेवावं. आधी रॉडची लांबी पाहायची, पण टोकापासून टोकापर्यंत नाही, एका सॉकेटच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत. इथे दोन-तीन मिलिमीटरचा फरक लोकल मालात सापडू शकतो, आणि तेवढ्याने ड्रायव्हरच्या बाजूचा वायपर बाहेरच्या खांबाच्या रबरावर आपटतो किंवा खाली येताना पुरता झोपत नाही. आर्म स्पिंडलच्या दात्यांवर एक दाता सरकवून ही चूक झाकता येते, पण मग दुसऱ्या टोकाला तेवढीच काच कोरी राहते. लांबी जुळली की स्पिंडल बोटाने फिरवून पाहावं: अडखळता कामा नये, आणि आडवं हलवलं तर खुळखुळता कामा नये. लिव्हरवरचा बॉल चिमटीत धरून हलवावा. रिव्हेट ढिली असेल तर सेट तिथेच परत द्यावा. शेवटी वरचे दाते जुन्याशी ताडून पाहावेत आणि जुना आर्म एकदा बसवून बघावा. दुकानदार कुरकुरला तरी हे दोन मिनिटांचं काम सोडू नये.

आता मुख्य मुद्दा. वायपर बंद पडला की वायरमन मोटर बदलायला सांगतो, मेकॅनिक लिंकेज. दोघांचंही ऐकण्याआधी बॉनेट उघडून मोटरचा आवाज ऐकावा. बटण दाबल्यावर मोटर गुणगुणतेय पण दोन्ही वायपर जागेवर, तर क्रँकचा सॉकेट बॉलवरून निसटलाय, क्रँकचा नट ढिला झालाय किंवा मोटरमधला गिअर झिजलाय. क्रँक फिरताना दिसला तर गिअर ठीक आहे. एकच वायपर चालतोय, तर त्या बाजूच्या आर्मचा नट ढिला आहे, आर्मचे दाते गेलेत, किंवा मधला रॉड सुटलाय. आर्मचे दाते मऊ धातूचे असतात, ते आधी जातात. नुसता आर्म बदलून काम भागतं, सेट लागत नाही.

दोन्ही वायपर रेंगाळत असतील तर निदान जरा कसून करावं लागतं. क्रँकवरचा रॉड स्क्रूड्रायव्हरने उचकटून सोडवावा आणि मोटर मोकळी चालवावी. मोकळी मोटर झपाझप फिरली, तर दोष लिंकेजचा. आर्म काढून स्पिंडल हाताने फिरवलं की कळतंच, जाम झालेलं स्पिंडल पकडीशिवाय हलत नाही. मोकळी असूनही मोटर रेंगाळली, तर बॅटरीच्या मायनसपासून मोटरच्या बॉडीला एक जाड वायर लावून पाहावी. वेग वाढला तर अर्थिंग गंजलंय. मोटरच्या बोल्टखालची जागा घासून पुसली की काम झालं, खर्च शून्य. वाढला नाही तर वायपर चालू असताना मोटरच्या कनेक्टरवर व्होल्ट मोजावेत. बॅटरीपेक्षा एका व्होल्टहून जास्त घट असेल तर बटण, फ्यूजची बैठक आणि वायर तपासावी. तिथेही सगळं ठीक निघालं तर मोटरचे कार्बन (आत वीज पोचवणारे घासते तुकडे) संपलेत. या मोटरला तीन कार्बन असतात: एक सामाईक, एक हळू वेगाचा, एक जलद वेगाचा. म्हणूनच एकच वेग चालतो आणि दुसरा मेलेला असतो असं होऊ शकतं. बटण बंद केल्यावर वायपर काचेच्या मध्येच थांबत असतील तर गिअरच्या झाकणाखालच्या, वायपर खाली आणून थांबवणाऱ्या पार्किंग पट्टीवर ग्रीस जळून काळं झालंय. ती पट्टी साफ करून, पत्ती किंचित उचलून बसवली की वायपर पुन्हा खाली येऊन थांबतात. मोटर आणि वायरिंगच्या यातल्या एकाही दुखण्याला लिंकेज सेट हे औषध नाही. फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज टाकण्याचा जुगाड मुळीच करू नये. जाम लिंकेजवर मोटर ताणली की फ्यूजऐवजी मग वायरिंग तापतं.

दोष लिंकेजचाच ठरला, तर काम असं. वायपर एकदा चालवून बंद करावेत, म्हणजे मोटर पार्किंगला येऊन थांबते. ब्लेड जिथे टेकलंय तिथे काचेवर चिकटपट्टी लावून खूण करावी आणि बॅटरीची मायनस काढावी. आर्मचा नट काढला की आर्म डावी-उजवीकडे हलवत सोडवावा. अडला तर पुलर (ओढून काढायचं हत्यार) लावावा. खालून स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं की काचेची कड तडकते. मग स्पिंडलची बाहेरची फिटिंग सोडवायची, मोटरचा कनेक्टर आणि बोल्ट काढायचे, मोटर थोडी बाहेर ओढून रॉड बॉलवरून सोडवायचा आणि लिंकेज काउलच्या (काचेखालच्या पोकळीच्या) भोकातून तिरकं करून काढायचं. मोटरवरचा क्रँक मात्र काढायचा नाही. काढावाच लागला तर आधी शाफ्ट आणि क्रँकवर खूण करावी, नाहीतर वायपर उभे राहून पार्क होतात.

जुनं बाहेर आलं की काउलमधला पाला काढून पाणी जाण्याचं भोक मोकळं करावं. ते तुंबलं की स्पिंडलची बैठक पाण्यात उभी राहते आणि नवा सेटही त्याच वाटेने जातो.

नव्या सेटची खरी खोट इथे कळते. स्पिंडल कोरडं असतं, किंवा नावाला तेल लावलेलं. वरची सर्कलिप (स्पिंडल अडवणारी स्प्रिंगची कडी) काढावी, स्पिंडल बाहेर ओढावं, पुसावं, लिथियम ग्रीस भरून परत घालावं. सॉकेटमध्येही वाटाण्याएवढं ग्रीस. नायलॉन कडक असेल तर गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून मग बॉलवर दाबावं. हातोडी मारली की ते चिरतं, आणि चीर तेव्हा दिसत नाही, पहिल्या मुसळधार पावसात दिसते. सेटसोबतचे रबरी वॉशर फार पातळ आहेत. जुने शाबूत असतील तर तेच लावावेत, नाहीतर पाणी स्पिंडलवरून आत उतरतं. फिटिंग झाल्यावर आर्म न लावता मोटर चालवावी, पार्क होऊ द्यावी, आणि मगच चिकटपट्टीच्या खुणेवर आर्म बसवावेत. काच ओली करून, इंजिन चालू ठेवून मिनिटभर फेरे मोजावेत: हळू वेगाला पंचेचाळीसच्या आसपास, जलद वेगाला साठच्या पुढे आले म्हणजे यंत्रणा मोकळी आहे. आर्मचे नट आठवड्याने पुन्हा एकदा आवळावेत.

याच कामाचा दुसरा मार्गही आहे, आणि ज्याला एक दिवस गाडीशिवाय चालतं त्याने तोच आधी आजमावावा. जुनी कंपनीची बैठक लोकलपेक्षा भारी आहे. ती डिझेलमध्ये भिजत ठेवून स्पिंडल सोडवलं, बारीक पॉलिश पेपरने घासलं आणि भोक ढिलं झालं असेल तर लेथवर गनमेटलचा बुश (भोकात बसणारी धातूची नळी) करून घेतला, तर ती नव्या लोकल सेटपेक्षा जास्त टिकते. एमआयडीसीतल्या लेथवाल्यांना हे काम नवं नाही. मग लोकल सेटमधले फक्त रॉड वापरायचे.

गाडी कुठे फिरते यावरही निर्णय ठरतो. महाबळेश्वर, कास, बामणोलीकडची गाडी चार महिने भिजते, तिथे स्पिंडल गंजून जाम होतं. अशा गाडीला हा सेट ग्रीस भरूनच, आणि शक्य तर कंपनीचाच. माण-खटावकडच्या गाडीत गंज कमी, पण आठ-आठ महिने वायपर चालत नाही. उन्हाने ब्लेडचं रबर काचेला चिकटतं, स्पिंडलमधलं ग्रीस धुळीने लापशीसारखं होतं, आणि पहिल्या वळवाला बटण दाबताच सॉकेट निसटतो. तिथे सेट बदलण्याआधी ब्लेड बदलावेत आणि स्पिंडल साफ करावं. बहुतेकदा तेवढंच पुरतं.

पंधरा वर्षांच्या नोंदणी नूतनीकरणाला एमएच-११ची, म्हणजे साताऱ्याची गाडी आरटीओत न्यायची असेल तर वायपर चालू लागतोच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०१ त्याचाच आहे. तेवढ्यापुरता हा सेट सरळ घ्यावा, काम भागतं. मात्र जुनं लिंकेज गॅरेजवाल्याकडे सोडून येऊ नये. ती ओतीव बैठक पुढच्या वेळी लेथवर न्यायला लागणार आहे.