पेंढ्यावरची अळंबी की धिंगरी (ऑयस्टर मशरूम)? नाशिकमधे काय लावायचं

इगतपुरी त्र्यंबककडे भात भरपूर, त्यामुळे पेंढ्याची चिंता नाही, पण प्रश्न तापमानाचा आहे. पेंढ्यावरच्या अळंबीला (पॅडी स्ट्रॉ) ३० ते ३५ अंश आणि ८० टक्क्यांच्या वर ओलावा लागतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमधे ऊन आहे पण हवा पार कोरडी, म्हणजे शेडमधे ओलं गोणपाट, धुक्यासारखं पाणी उडवणारा फॉगर सगळं करावं लागणार. हिवाळ्यात तर नावच काढू नका, निफाडची थंडी माहितीये ना.

पण ही येते लवकर, स्पॉन (अळंबीचं बियाणं) टाकल्यापासून साधारण दोन आठवड्यात पहिली तोडणी, आणि ती अंड्यासारखी बंद असतानाच तोडायची, वरचं आवरण फाटून छत्री उघडली की भाव पडला. आणि फ्रीजमधे अजिबात ठेवू नका! ४ अंशाला ती पाणी सोडून गळून जाते, स्पॉनचंही तेच.

धिंगरी २० ते २८ अंशात खूश, तोडणीला महिनाभर लागतो, पण १०० किलो कोरड्या काडाला ५०-६० किलो सहज देते, पेंढ्यावरची जेमतेम १०-१५. शिवाय उरली तर वाळवता येते.

चवीला मला पेंढ्यावरचीच जास्त आवडते, खरंच. तरी नवीन माणसाने पावसाळा संपल्यावर धिंगरीच लावावी, आणि पेंढ्यावरची फक्त गिऱ्हाईक त्याच दिवशी उचलणार असेल तरच.