बोटापाशी न थांबणारी तपासणी : धंतोलीतील हाताच्या विकारांचे क्लिनिक

नागपूरच्या धंतोलीत दवाखान्यांना तोटा नाही, तरीही केवळ हाताचे विकार पाहणाऱ्या या छोट्या क्लिनिकची मी मनापासून शिफारस करीत आहे. कारण येथील डॉक्टरांनी वाकलेल्या बोटासोबत माझ्या वडिलांच्या मधुमेहाचीही तेवढ्याच गांभीर्याने विचारपूस केली.

वडिलांच्या अनामिकेच्या मुळाशी असलेली गाठ हळूहळू दोरीसारखी ताठर होऊन बोट आत ओढू लागली होती. आधी दाखवले तेथे ‘शीर आखडली आहे, मालिश करा’ एवढेच सांगण्यात आले. येथे डॉक्टरांनी हात टेबलावर पालथा ठेवायला लावला. तळवा टेकेना आणि अनामिकेखालून पेन सहज सरकले. हा ड्युपिट्रेन कॉन्ट्रॅक्चर आहे, त्वचेखालचा संयोजी ऊतींचा पडदा जाड होऊन आकसतो आणि त्यात शिरेचा दोष नसतो, हे त्यांनी कागदावर चित्र काढून समजावले.

त्यानंतरचे प्रश्न मला विशेष महत्त्वाचे वाटतात. शुगर किती वर्षांपासून आहे, खांदा आखडतो का, तळपायाला गाठी आहेत का, फिट्स येतात का, मद्यपान, धूम्रपान, यकृताचा त्रास, घरात आणखी कोणाला असे आहे का, हे सर्व त्यांनी विचारले आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) करायला सांगितले. मधुमेहींत हा विकार अधिक आढळतो; दीर्घकाळ वाढलेली साखर कोलॅजन या ऊतींतील प्रथिनाच्या तंतूंना चिकटून त्यांना ताठर करते, हे त्यामागचे एक संभाव्य कारण मानले जाते. मात्र संबंध आढळला म्हणजे कारण सापडले असे नव्हे, आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो आणि शुगर आटोक्यात आल्याने बोट सरळ होणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. असा प्रामाणिकपणा रुग्णाला फार मोठा आधार देतो.

शस्त्रक्रियेची घाई अजिबात केली नाही. बोटाच्या मुळाशी असलेल्या सांध्याचा वाक साधारण ३० अंशांपर्यंत गेल्यावर, किंवा मधला सांधा वाकू लागल्यास त्याआधीच, तिचा विचार करतात; वडिलांचा वाक त्याहून कमी असल्याने त्यांनी तो कोनमापकाने मोजून नोंदवला आणि पुन्हा दाखवायला बोलावले.

उणीव एकच, पण ती दूर व्हायलाच हवी : माहितीपत्रक फक्त इंग्रजीत आहे. विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून येणाऱ्या रुग्णांना ते मराठीत मिळाले पाहिजे. पार्किंगची अडचण धंतोलीत सगळीकडेच आहे. जाताना शुगरचे जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी सोबत न्यावी. डॉक्टर आधी तेच मागतात.