वेरूळजवळचा माळवदाचा वाडा: मुक्काम चांगला, स्वयंपाकघर अर्धवट

दोन हात जाडीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद म्हणजे सपाट छत, त्यामुळे एप्रिलच्या दुपारीही आतल्या खोलीत पंख्यावर भागतं. रात्री मात्र याच भिंती दिवसभराची ऊब सोडतात. गच्चीवर झोपायचं असेल तर गाद्या आधीच सांगून ठेवा.

दोन शेगड्यांचा गॅस, कुकर, तवा, पोळपाट-लाटणं मिळतं. परात नाही! भाकरी ताटात थापावी लागते, मग कडा चिरणारच. तेल-मीठ, ज्वारीचं पीठ खुलताबादहूनच घेऊन या. बोअरचं पाणी जड आहे, त्यात तुरीची डाळ नुसती फिरत राहते. जारचं पाणी घालून तासभर आधी भिजवली तर चार शिट्ट्यांत मऊ होते. मोटर चालू असताना मिक्सर लावू नका, दिवे मंदावतात.

पावसाळ्यात बुकिंग करण्याआधी एकच विचारा: यंदा माळवदावर पांढरी माती टाकली का? नसेल तर पन्हाळाच्या (छताचं पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीच्या) तोंडाशी आणि भिंतीच्या सांध्यात हमखास गळतं, नेमकं पलंगाच्या डोक्याशी. न्हाणीघर नवं, ठीकठाक.

मंगळवार धरून येऊ नका, वेरूळची लेणी बंद असतात. अजिंठा सोमवारी बंद.