रेप्लिका जोडताना २०६१ एरर: पब्लिक की मागवावी की एसएसएल लावावं?

केळीच्या व्यापाऱ्याचा मुख्य सर्व्हर जळगावात, रेप्लिका (त्याच्या डेटाची आपोआप अपडेट होत राहणारी प्रत) धुळ्यात. मायएसक्यूएल ८ या डेटाबेसवर अशी जोडणी करताना रेप्लिका 'कनेक्टिंग'वरच अडकते आणि स्टेटसमध्ये २०६१ दिसतो: सुरक्षित कनेक्शन हवं. पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून उपयोग नाही, तो बहुधा बरोबरच असतो. ८.० पासून डिफॉल्ट असलेलं कॅशिंग_शा२ हे पासवर्ड तपासणारं प्लगइन उघड्या लाइनवरून पासवर्ड घेत नाही.

खरा चकवा पुढे आहे. धुळ्याहून रेप्लिकेशनच्याच युजरने हाताने लॉगिन केलं की रेप्लिकेशनही सुरू होतं! ते लॉगिन एसएसएलवरून (एन्क्रिप्टेड कनेक्शनवरून) गेलेलं असतं आणि सर्व्हर पासवर्डचा हॅश (त्यापासून बनवलेली सांकेतिक खूण) मेमरीत ठेवतो. लाइट गेली, जळगावचा सर्व्हर रीस्टार्ट झाला, की पुन्हा तेच रडगाणं.

गेट_सोर्स_पब्लिक_की=१ हा झटपट उपाय: रेप्लिका मुख्य सर्व्हरची पब्लिक की मागवते आणि तिने पासवर्ड झाकून पाठवते. रेप्लिका थांबवा, 'चेंज रेप्लिकेशन सोर्स' कमांडमध्ये एवढं घाला, सुरू करा. (८.०.२३ च्या आधी कमांड 'चेंज मास्टर', आणि पर्यायातही 'सोर्स'च्या जागी 'मास्टर'.) पण झाकला जातो तो फक्त पासवर्ड; बिलं, शेतकऱ्यांची खाती उघडीच जातात. एकाच खोलीतल्या दोन मशीनना ठीक आहे.

सोर्स_एसएसएल=१ मध्ये सगळाच डेटा एन्क्रिप्ट होतो. सर्टिफिकेट सहसा सर्व्हर स्वतःच बनवतो, म्हणून मेहनत वाटते तेवढी नाही. जळगाव-धुळे लाइन इंटरनेटवरून असेल तर मी दुसरा विचारच करणार नाही.

पासवर्ड तपासणाऱ्या जुन्या नेटिव्ह प्लगइनवर परत जायचा सल्ला मात्र ऐकू नका: ८.४ मध्ये ते डिफॉल्टने बंद असतं, ९.० मधून तर काढूनच टाकलंय.