लॉकडाऊनपासून वापरतोय ती डायबेटीसची व्हिडिओ सेवा, आमचा अनुभव

आईला २० वर्षांपासून डायबेटीस, दोन वेळा इन्सुलिन, आणि मार्च २०२० नंतर तिला क्लिनिकला नेणंच बंद झालं. मग क्लिनिकनेच व्हिडिओवर तपासणी सुरू केली, मला आधी खात्री नव्हती पण या लोकांनी आम्हाला खरंच सावरलं.

घरच्या ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी शुगर बघायची, वहीत लिहायची, पानाचा फोटो आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा. डॉक्टर ते पान समोर ठेवूनच बोलायचे. सगळ्यात भारी काम एज्युकेटर ताईंचं (डायबेटीस कसा सांभाळायचा ते शिकवणाऱ्या), त्यांनी आईला कॅमेऱ्यासमोर इन्सुलिन घ्यायला लावलं आणि लगेच पकडलं की ती रोज पोटावर एकाच जागी टोचतेय, तिथे गाठ आलेली आणि औषध नीट शोषलंच जात नव्हतं! जागा बदलली आणि आकडे खाली यायला लागले. इतकी वर्षं समोर जाऊन हे कुणी बघितलंच नव्हतं हो. ताप आला, खाणं कमी झालं तरी इन्सुलिन मनाने बंद करायचं नाही, आधी फोन करायचा, हेही त्यांनी पाठ करून घेतलं.

कमी पडलं ते पायांचं. पायाची संवेदना आणि डोळ्याचा पडदा स्क्रीनवर तपासता येत नाही, मग त्यासाठी प्रत्यक्ष बोलवायला हवं होतं ना, पण आठ महिन्यांनी मीच विचारलं तेव्हा तारीख मिळाली. एचबीए१सीचं (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी चाचणी) रक्त मात्र घरी येऊन न्यायचे, तेही वेळेवर.

आता सगळं सुरू झालंय तरी एकाआड एक भेट आम्ही व्हिडिओवरच ठेवलीये.