दहा हजारांचा फोन आणि लिनिएज ओएस: सात-आठ महिने वापरल्यावर

कंपनीने दिलेली अँड्रॉइड काढून मी फोनवर लिनिएज ओएस, म्हणजे स्वयंसेवकांनी सांभाळलेली अँड्रॉइडची मुक्त आवृत्ती, टाकली, त्याचा हा अनुभव. फोनच्या कंपनीचं नाव देत नाही, कारण दहा-अकरा हजारांतल्या बऱ्याच फोनांची हीच गत आहे. ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, स्नॅपड्रॅगन प्रोसेसर, ५००० एमएएच बॅटरी. कागदावर काही कमी नाही. तरी वर्ष भरायच्या आत तो इतका रेंगाळायला लागला की कोणाचा फोन आलाय ते दिसेपर्यंत रिंग संपायची. फाइल मॅनेजर उघडला की जाहिरात, लॉक स्क्रीनवर नट्यांचे फोटो, आणि न बोलावता येऊन बसलेले गेम. बॅटरी वाचवायच्या नावाखाली मागे चालू असलेली अ‍ॅप परस्पर बंद व्हायची ती वेगळीच. सोसायटीच्या ग्रुपवरचा ‘आज पाणी साडेसहालाच’ हा मेसेज माझ्याकडे साडेआठला वाजायचा. ऑटोस्टार्ट चालू केलं, बॅटरी सेव्हर काढला, पण पुढचं अपडेट आलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

‘रॅम वाढवा’ या सोयीलाही भुलू नका. त्यात स्टोरेजचाच एक तुकडा रॅमसारखा वापरतात. या किमतीत स्टोरेज बहुधा ईएमएमसी या स्वस्त प्रकारचं असतं आणि ते खऱ्या रॅमपुढे फारच संथ. माझा फोन ती सोय बंद केल्यावर उलट जरा बरा चालला.

अँड्रॉइडचा पाया मुक्तस्रोत (कोड सगळ्यांना खुला) असला, तरी त्याचा बराचसा भाग अपाचे या सैल परवान्याखाली आहे. त्यामुळे कंपनी वर हवा तो थर चढवते आणि त्या थराचा कोड कोणाला दाखवायची तिच्यावर सक्ती नाही. खालचं लिनक्स कर्नल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा गाभा, मात्र जीपीएल या कडक परवान्याचं. त्यातले बदल खुले करावे लागतात, आणि बाहेरच्या हौशी लोकांना फोनात शिरायला वाट मिळते ती इथून. २०१४च्या डिसेंबरात आलेला ८,९९९ रुपयांचा यू युरेका ज्यांनी वापरला, त्यांना त्यातली सायनोजेन ही अँड्रॉइडची आवृत्ती आठवत असेल. सायनोजेन कंपनीने २०१६च्या अखेरीस ते काम बंद केलं, पण सायनोजेनमॉड या तिच्या मुक्त आवृत्तीचा कोड लिनिएज ओएस या नावाने पुढे चालू राहिला. मी टाकली ती हीच.

टाकायला एक रविवार गेला. बूटलोडर (फोन सुरू होताना आधी चालणारा प्रोग्राम, त्याला कंपनीचं कुलूप असतं) अनलॉक केला की फोन पूर्ण पुसला जातो, म्हणून फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप आधी घ्या. गूगलची अ‍ॅप सोबत येत नाहीत, ती वेगळी टाकावी लागतात, तीही लिनिएज पहिल्यांदा सुरू व्हायच्या आत.

त्यानंतर फोन हलका झाला, यात वाद नाही. जाहिरात एकही नाही. मेसेज वेळेवर. सुरक्षा अपडेट, जी आधी तीन-तीन महिने यायची नाहीत, ती आता नियमित येतात. बॅटरी संध्याकाळऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पुरते. भाषा मराठी ठेवली तर घड्याळातले आकडेही देवनागरी दिसतात (मला आवडतं, बायकोला नाही).

आता दुखणं. पगार ज्या बँकेत होतो तिचं अ‍ॅप उघडतच नाही. ‘तुमचं उपकरण सुरक्षित नाही’ म्हणतं. गूगलची प्ले इंटेग्रिटी ही तपासणी अनलॉक केलेला बूटलोडर पकडते आणि अ‍ॅप हात वर करतं. गंमत म्हणजे मेव्हण्याच्या फोनला दोन वर्षं एकही सुरक्षा अपडेट आलेलं नाही, त्यावर हेच अ‍ॅप खुशाल चालतं! म्हणजे कंपनीचं कुलूप शाबूत आहे ना, एवढंच पाहायचं. आत वाळवी लागली असली तरी चालेल. तपासणीला चकवणारी मॉड्यूल मिळतात, पण ती आज चालतात, उद्या नाही, आणि पैशाच्या व्यवहाराला असला जुगाड मला पटत नाही. दुसरं एक यूपीआय अ‍ॅप कुरकुर न करता चालतं, त्यावर भाजी-किराणा भागतो. बँकेचं अ‍ॅप जुन्या फोनवर ठेवलंय, तो घरीच असतो. ज्यांच्याकडे एकच फोन आहे आणि सगळे व्यवहार त्यावरच होतात, त्यांनी या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅमेराही उतरला. कंपनीची फोटोवरची प्रक्रिया गेली, घरात संध्याकाळी काढलेले फोटो भुरकट येतात. जीकॅमने (गूगलच्या कॅमेरा अ‍ॅपने) निम्मी कसर भरून निघते. सिनेमाच्या अ‍ॅपवर चित्र एचडी मिळत नाही, कारण वाइडवाइन, म्हणजे व्हिडिओची चोरी रोखणारी गूगलची व्यवस्था, एल१ या वरच्या पातळीवरून एल३ या खालच्या पातळीवर आली. एफएम रेडिओ गेला.

करायचंच असेल तर फोन घेण्याआधी लिनिएजच्या यादीत तुमचं नेमकं मॉडेल आहे का ते पाहा. नाव सारखं पण प्रोसेसर वेगळा, असे फोन या किमतीत ढिगाने आहेत, आणि मीडियाटेक प्रोसेसरवाल्यांना अशी रॉम (फोनवर टाकायची ऑपरेटिंग सिस्टिम) मिळणं जास्त अवघड. बऱ्याच मॉडेलांना सांभाळणारा एखादाच स्वयंसेवक असतो. त्याने फोन विकला की तुमची अपडेट थांबली. परत मूळ रॉम न टाकता बूटलोडर लॉक करू नका, फोन सुरूच होणार नाही. आणि जिओचं सिम असेल तर त्या मॉडेलवर व्होल्टे (फोरजीवरून होणारे कॉल) चालतं का, हे सगळ्यात आधी विचारा. जिओला टूजी-थ्रीजी नाहीच, त्यामुळे व्होल्टे नसेल तर नेट चालेल पण साधा कॉल लागणार नाही.