सिल्व्हराडो 5.3 ला शॉर्टी हेडर: काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडी 2004 ची शेव्हरले सिल्व्हराडो 1500, फोर-व्हील-ड्राइव्ह, इंजिन 5.3 लिटरचं व्ही-8, म्हणजे एलएम7. वापर ह्यूस्टन आणि आसपासचा: रोजची ये-जा आणि अधूनमधून मागे ट्रेलर. हेडर म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या मूळ मॅनिफोल्डच्या जागी बसणारा नळ्यांचा संच, शॉर्टी म्हणजे त्यातला आखूड नळ्यांचा. माझा 304 स्टेनलेसचा, 16 गेजची नळी, प्रायमरीचा (दर सिलिंडरच्या नळीचा) व्यास 1.625 इंच, फ्लँज (हेडला बोल्टने बसणारी पट्टी) 3/8 इंच जाडीची. इंजिनाचं ट्यूनिंग हात न लावता तसंच ठेवलंय. धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कंपनीचेच आणि जागचे जागी.

निकाल आधीच सांगून टाकतो. ताकद वाढवायला म्हणून शॉर्टी हेडर घेत असाल तर ते पैसे टायरमध्ये घाला. पण मूळ मॅनिफोल्डला तडा गेलाय किंवा त्याचे बोल्ट तुटलेत आणि तो तसाही उतरवावाच लागणार आहे, तर हेडरचा विचार करायला हरकत नाही. मात्र निवड करताना अश्वशक्तीचा आकडा बाजूला ठेवा आणि फ्लँज बघा.

बोल्ट तुटण्याचं दुखणं या इंजिनाच्या सगळ्याच ट्रकना आहे. सिलिंडर हेड अॅल्युमिनियमचं आणि मॅनिफोल्ड बिडाचा. तापल्यावर दोघं वेगवेगळ्या प्रमाणात वाढतात, वर मॅनिफोल्ड हेडपेक्षा कितीतरी जास्त तापतो. दर वेळी इंजिन तापलं-निवलं की मॅनिफोल्ड हेडवर थोडासा सरकतो. सरक टोकांना सगळ्यात जास्त, त्यामुळे फायरवॉलकडचे (केबिनच्या भिंतीकडचे) मागचे बोल्ट, म्हणजे 7 आणि 8 नंबरच्या सिलिंडरजवळचे, आधी जातात. ओळखायची खूण म्हणजे सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर येणारी टिक-टिक. इंजिन तापलं की फट मिटते आणि आवाज थांबतो. बरेच जण तिला लिफ्टरचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) आवाज समजून तेल बदलत बसतात. आरसा आणि टॉर्च घेऊन मागच्या बोल्टची डोकी मोजा. दर बाजूला सहा असायला हवीत.

एकच मागचा बोल्ट तुटला असेल आणि मॅनिफोल्ड धड असेल, तर हेडर सोडाच, तुटका बोल्ट काढायचीही गरज नाही. हेडच्या मागच्या तोंडावर एक रिकामं आटेदार भोक असतं. त्यात बसवून मॅनिफोल्ड बाहेरून दाबून धरणारा क्लॅम्प पार्ट्सच्या दुकानात तयार मिळतो. खर्च हेडरच्या शेजारी नगण्य. दिसायला जुगाड, पण चालतो.

लाँग ट्यूब, म्हणजे लांब नळ्यांचा हेडर, का नाही घेतला? कागदावर तोच खरा हेडर. प्रत्येक सिलिंडरच्या धुराचा झोत कलेक्टरला, म्हणजे नळ्या एकत्र येतात तिथे, पोहोचला की उलट्या दिशेने कमी दाबाची लाट परत येते आणि ती एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असतानाच पोहोचली तर उरलेला धूर ओढून काढते. लाट वेळेवर परतायची तर नळीला लांबी हवी, लाँग ट्यूबमध्ये ती तीसेक इंच असते. शॉर्टीच्या छोट्या नळ्यांत हा खेळ इंजिनाच्या नेहमीच्या फेऱ्यांना (आरपीएमला) जमतच नाही. बिडाच्या मॅनिफोल्डपेक्षा वळणं जरा मोकळी मिळतात, एवढाच त्याचा फायदा.

अडचण वेगळीच आहे. या ट्रकमध्ये लाँग ट्यूबचा कलेक्टर जिथे संपतो तिथेच कंपनीचे कन्व्हर्टर असतात. म्हणजे वाय-पाइप (दोन्ही बाजूंचा धूर एकत्र आणणारी नळी) बदला, कन्व्हर्टर मागे सरकवा किंवा नवे घाला. कन्व्हर्टर काढणं हा अमेरिकेच्या केंद्रीय क्लीन एअर अॅक्टचा सरळ भंग आहे, आणि जागा बदलणंही त्याच कायद्याच्या कचाट्यात येतं. कॅलिफोर्नियात तर सुट्या भागाला कार्बचा (तिथल्या हवा-प्रदूषण मंडळाचा) ईओ, म्हणजे मंजुरीचा क्रमांक नसेल तर स्मॉग टेस्टला गाडी तिथेच अडकते. तो क्रमांक बहुधा शॉर्टींनाच असतो, आणि तोही ठरावीक वर्षांच्या ठरावीक इंजिनांपुरता. म्हणून जाहिरातीतल्या ‘50 स्टेट लीगल’ या शब्दांवर विसंबू नका. ईओ क्रमांक कार्बच्या संकेतस्थळावर घालून आपलं वर्ष आणि इंजिन यादीत आहे का ते बघा. क्रमांकाची पट्टी किंवा स्टिकर हेडरसोबत येतो, तो बॉनेटखाली चिकटवा, हरवू नका.

टेक्सासात 2025 पासून खासगी गाड्यांची सेफ्टी तपासणी बंद झाली, त्यामुळे आता काहीच तपासत नाहीत असा अनेकांचा समज झालाय. हॅरिस काउंटीसह मोठ्या शहरांच्या काउंट्यांमध्ये उत्सर्जनाची चाचणी चालूच आहे, 2 ते 24 वर्षांच्या पेट्रोल गाड्यांना ती लागते. ओबीडी, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला यंत्र जोडून बिघाडाचे कोड आणि रेडिनेस मॉनिटर (कॉम्प्युटरच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्या का) बघतात. हेडरचं काम करताना बॅटरी काढली की मॉनिटर कोरे होतात. 2001 आणि त्यानंतरच्या गाडीला एकच मॉनिटर अपूर्ण चालतो. तेव्हा काम झाल्या झाल्या चाचणीला जाऊ नका, आधी काही दिवस गावात आणि हायवेवर गाडी पळवून स्कॅनरवर मॉनिटर पूर्ण झालेले बघा.

आता हेडर हातात आल्यावर काय बघायचं ते, कारण खरी परीक्षा इथेच. सरळ पोलादी पट्टी फ्लँजवर उभी धरा आणि खालून फीलर गेज (मोजलेल्या जाडीची पातळ पानं) घालून बघा. 0.010 इंचाचं पान कुठेही आत गेलं तर माल परत. नळ्या वेल्ड करताना उष्णतेने फ्लँज केळ्यासारखी वाकते. चांगला कारखाना वेल्डिंगनंतर ती मशीनवर पुन्हा सपाट करतो, स्वस्तातला करत नाही. वाकडी फ्लँज बोल्टने ओढून सरळ होईल असं म्हणणारे भेटतील. ती सरळ होते, पण तो ताण कायम टोकाच्या बोल्टवर राहतो, आणि टोकाचे बोल्ट तर आपण तुटलेले बघूनच या भानगडीत पडलोय. पोर्टच्या आत बोट फिरवा. वेल्डचा थर गॅस्केटच्या बाजूला उंच आला असेल तर कानस मारावी लागेल. हेडरवर ओ-टूचं (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचं) बुश असेल तर त्यात जुना सेन्सर हातानेच फिरवून बघा. आटे एम18 x 1.5 चे, ते हाताने फिरले पाहिजेत. बुश नळीच्या वरच्या अर्ध्या भागात हवा. खालून असेल तर थंड इंजिनातलं पाणी सेन्सरवर साचतं आणि त्याचा हीटर जातो.

धातूबद्दल थोडक्यात. साध्या पोलादाचा हेडर सिरॅमिक कोटिंगशिवाय घेऊ नका. कोटिंग पोर्टजवळ आधी उडतं आणि तिथून गंज धरतो. 409 स्टेनलेसला बाहेरून तपकिरी गंज चढतो, पण ते तापल्यावर कमी वाढतं आणि तडा जायला चिवट असतं. 304 गंजत नाही, दिसायला देखणं, पण तापल्यावर जवळजवळ दीडपट वाढतं. मीठ टाकलेल्या रस्त्यांच्या उत्तरेकडच्या राज्यांत 304 ला पैसे मोजणं पटतं. टेक्सासात 409 नेही भागलं असतं. दुकानदार काहीही सांगो, खिशातलं लोहचुंबक लावा: 409 ला चिकटतं, 304 ला नाही. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी, नळीला कापडी रॅप गुंडाळू नका. ओलावा धरून ठेवतो आणि बहुतेक कंपन्या त्यावर वॉरंटी नाकारतात.

बसवताना वेळ हेडरला लागत नाही, जुने बोल्ट काढायला लागतो. पुढची चाकं आणि आतलं प्लास्टिकचं लायनर काढलं की मागचे बोल्ट चाकाच्या खोबणीतून समोर दिसतात. वरून हात घालून कोपरं सोलून घेण्यात अर्थ नाही. बोल्टवर आणि खाली वाय-पाइपच्या स्टडवर दोन-तीन दिवस आधीपासून गंजफोड तेल मारत राहा. बोल्ट अडला की जोर लावायचा नाही, थोडा पुढे थोडा मागे असा हलवत राहायचं.

तुटलेला बोल्ट हेडच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर डोकावत असेल तर त्यावर नट ठेवून नटाच्या भोकातून मिग वेल्डिंगने भरा. वेल्ड पोलादाला धरतं, अॅल्युमिनियमला चिकटत नाही, आणि उष्णतेने आट्यांतला गंजही सुटतो. निवल्यावर पाना लावा, बहुतेक वेळा निघतो. पहिल्यांदा नट उपटून आला तर दुसरा लावा, तिसरा लावा. बोल्ट आतच तुटला असेल तर बरोबर मध्यभागी पंच मारून डाव्या आट्यांचं ड्रिल बिट वापरा. हातानं ड्रिल तिरपं गेलं की ते मऊ अॅल्युमिनियमकडेच घसरतं. यासाठी शेजारच्या भोकांत बोल्टने बसणारी ड्रिल-गाइड पट्टी मिळते, ती घ्याच. आटे गेले तर एम8 x 1.25 चा टाइम-सर्ट, म्हणजे नव्या आट्यांची बसवायची बुशिंग.

उजव्या बाजूला ऑइलच्या डिपस्टिकची नळी आडवी येते, ती सोडवून बाजूला घ्या. फ्लँजसोबत येणारं कागदी-संमिश्र गॅस्केट कचऱ्यात टाका. जीएमचं मल्टि-लेयर स्टीलचंच वापरा, तेही कोरडं. सिलिकॉन सीलंट अजिबात नको, त्याच्या वाफा ओ-टू सेन्सर मारतात. बोल्ट एम8 x 1.25, लांबी 25 ते 30 मिमी, आणि डोकं 10 मिमीचं घ्या. 13 मिमीच्या डोक्याला नळीशेजारी सॉकेट बसत नाही. सगळे आधी हाताने अर्धे फिरवून घ्या, मग मधून बाहेरच्या दिशेने: पहिला फेरा 11 फूट-पाउंड, दुसरा 18. त्यापुढे नाही. अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट) लावणार असाल तर बोल्ट त्याच टॉर्कला जास्त ओढला जातो हे ध्यानात ठेवा. स्पार्क प्लग पुन्हा बसवताना 11 फूट-पाउंड.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं की धूर येईल, घाबरू नका. नळ्यांवरचं तेल आणि हाताचे डाग जळतात. बसवण्याआधी नळ्या अॅसिटोनने पुसल्या तर 304 वर बोटांचे ठसे कायमचे उमटत नाहीत.

आता महिन्यांनंतरची परिस्थिती. नळ्या आधी सोनेरी, मग पोर्टजवळ निळसर-तपकिरी झाल्या, गंज नाही. काही वेळा तापून-निवल्यावर, इंजिन पूर्ण थंड असताना, बोल्ट पुन्हा तपासले तेव्हा दोन्ही बाजूंचे मागचे बोल्ट पाऊण फेरा ढिले होते. त्यानंतर ते टिकले. ज्यांना पुन्हा पुन्हा तपासायचा कंटाळा आहे त्यांनी स्टेज 8 सारखे कुलूपवाले बोल्ट घ्यावेत.

स्पार्क प्लगच्या वायरी हा शॉर्टीचा दुखरा भाग. या इंजिनात कॉइलपासून प्लगपर्यंत वायर आखूड असते आणि हेडरची नळी बुटाला (वायरीच्या प्लगवर बसणाऱ्या टोपीला) जवळजवळ घासून जाते. 7 नंबरचा बूट नळीच्या बाजूने करपला. थंड असताना गाडी ठीक, ट्रेलर लावून चढ चढताना मिसफायर आणि कोड पी0307, म्हणजे 7 नंबरच्या सिलिंडरचा मिसफायर. काचतंतूंच्या मोज्यांनी भागलं नाही, सिरॅमिक बुटांच्या वायरी घातल्यावर थांबलं. हेडरसोबतच त्या मागवा.

लिकेज ओळखायला कान पुरत नाही, स्कॅनर पुरतो. ओ-टू सेन्सरच्या आधी कुठेही फट असली की दोन झोतांच्या मधल्या क्षणी ती बाहेरची हवा आत ओढते. सेन्सरला वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी आहे, आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. एका बँकेचा (इंजिनाच्या एका बाजूचा) लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटरने पेट्रोलमध्ये केलेली टक्केवारीतली वाढ, अधिक 10 च्या पुढे आणि दुसऱ्या बँकेचा शून्याच्या आसपास असेल तर ज्या बाजूचा जास्त, त्या बाजूचं गॅस्केट किंवा खालचा डोनट (वाय-पाइपच्या जोडावरचं गोल गॅस्केट) तपासा. इथे डाव्या बाजूचा डोनटच निघाला. 

उष्णता वाढते हे कुणी सांगत नाही. बिडाचा मॅनिफोल्ड जाड आणि त्यावर पत्र्याचं कवच, हेडर पातळ आणि उघडा. ऑगस्टमधल्या ह्यूस्टनच्या ट्रॅफिकमध्ये गाडी बंद करून लगेच सुरू केली की उजव्या बाजूचा स्टार्टर जड फिरतो. स्टार्टरला उष्णतारोधक वेष्टण घातल्यावर फरक पडला.

आवाज: मूळ सायलेन्सर असूनही थंड असताना जरा पत्र्यासारखा, तापल्यावर घोगरा. हायवेला 1,800 ते 2,200 फेऱ्यांच्या दरम्यान केबिनमध्ये थोडी घुमघुम. सायलेन्सरही बदलला असेल तर ती नकोशी होईल.

आणि ताकद. हे इंजिन मुळात 295 अश्वशक्तीचं, तीही 5,200 फेऱ्यांना. कंपन्यांचे वाढीचे आकडे तिथल्याच, पूर्ण थ्रॉटलचे असतात. ट्रेलर ओढताना इंजिन 2,000 ते 3,500 मध्ये असतं. त्याच चढावर 4एल60-ई गिअरबॉक्स पूर्वी जिथे खाली यायचा तिथेच अजूनही येतो. मायलेजमध्येही फरक नाही. सुरुवातीला गाडी चपळ वाटते, ती कानाला.

भारतातून हे वाचणाऱ्या हायलक्स आणि व्ही-क्रॉसवाल्यांना यातलं फारसं काही लागू नाही. त्या टर्बो डिझेल आहेत, टर्बो मॅनिफोल्डच्या तोंडाशीच बसतो आणि हेडरला तिथे जागाच उरत नाही. बोल्टचं गणित मात्र तिथेही तेच.

खर्चाचा अंदाज: चांगल्या फ्लँजचा शॉर्टी काही शे डॉलरला मिळतो. त्यावर गॅस्केट, बोल्ट, डोनट आणि सिरॅमिक वायरी धरा. दुकानात काम देणार असाल तर तुटलेल्या बोल्टचा दर आधी विचारून घ्या, बरेच जण तो दर बोल्टमागे वेगळा लावतात. काढलेले बिडाचे मॅनिफोल्ड भंगारात देऊ नका. तडा नसेल तर सपाट करून घेऊन ठेवा, ट्रक विकताना गिऱ्हाईक तेच मागतं.